ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत जलरंग: नवशिक्यांचे नेहमीचे प्रश्न

नवशिक्यांच्या बहुतेक तक्रारी रंगाबद्दल असतात आणि त्यांचं मूळ पाण्यात असतं: कागदावर पाणी किती आहे आणि ब्रश नेमका कधी टेकवला. त्यात आपली हवा दमट. कोरड्या हवेच्या देशात काढलेल्या व्हिडिओत ‘पाच मिनिटं थांबा’ म्हणतात, ते जुलैत घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये लागू पडत नाही. म्हणून खाली मिनिटांपेक्षा खुणांवर भर आहे.

व्हिडिओत दाखवतात तसंच करतो, तरी रंग एकतर पसरतच जातो नाहीतर कडक कडा धरतो. चुकतं कुठे?

कागद कितपत ओला आहे हे न बघता रंग लावला जातो, तिथे. ओल बघायची सोपी रीत आहे. बोर्ड उचलून डोळ्यांच्या पातळीला आणा, खिडकीकडे तोंड करा आणि कागदाकडे तिरकं बघा.

पाणी नुकतंच लावलेलं असेल तर त्यात खिडकीचे गज दिसतात. या वेळी टाकलेला रंग कुठेही वाहत जातो. आभाळाचा पहिला पातळ हात देण्यापलीकडे यात काही करू नये. थोड्या वेळाने गज दिसेनासे होतात, पण कागदभर एकसारखी ओलसर चमक राहते. ढगांच्या खालच्या सावल्या, धुकं, येऊरच्या डोंगराची पावसातली पुसट रेघ, हे सगळं याच वेळी करायचं. रंग कडेने मऊ पसरतो, पण जागा सोडत नाही. ब्रशमध्ये मात्र कागदापेक्षा कमी पाणी हवं, म्हणजे रंग पातळ सायीइतका दाट घ्यायचा.

मग चमक विझते आणि कागदाचा खरखरीत पोत वर दिसू लागतो. इथे हात आखडता घ्या. नवशिक्यांची निम्मी चित्रं याच टप्प्यावर बिघडतात, कारण कागद जवळपास सुकल्यासारखा वाटतो आणि ‘जरासं नीट करू’ म्हणून ब्रश फिरवला जातो. शेवटी कागद कोरडा दिसतो. बोटांची मागची बाजू अलगद टेकवून बघा. गार लागला तर आत ओल आहे. आजूबाजूच्या कोरड्या कागदाइतकाच लागला तरच दुसरा थर द्या.

ज्या वॉशला, म्हणजे पातळ रंगाच्या सलग हाताला, मे महिन्यात दहा-पंधरा मिनिटं लागतात, त्यालाच मुसळधार पावसाच्या दिवशी पाऊण तास लागू शकतो. मोठा वॉश लावताना पंखा बंद ठेवा, नाहीतर वरचा भाग सुकतो आणि खालचा लावेपर्यंत मधे कडा उमटते. चमक गेल्यावर खुशाल फुल स्पीडवर लावा. एसीचा ड्राय मोड पावसाळ्यात खरंच उपयोगी पडतो. हेअर ड्रायर वापरायचा तर तोही चमक गेल्यावर, हातभर लांबून आणि हलता ठेवून. साचलेल्या पाण्यावर मारला तर तो रंग ढकलत नेतो.

सुकल्यावर आभाळात फुलकोबीसारखे डाग येतात. ते का?

अर्धवट सुकलेल्या भागात जास्तीचं पाणी शिरलं की ते आजूबाजूचा रंग ढकलत बाहेर जातं आणि जिथे थांबतं तिथे रंगाची दातेरी कडा सोडतं. पाणी शिरण्याच्या वाटा दोनच. एक म्हणजे आपला ओथंबलेला ब्रश. दुसरी सहसा लक्षात येत नाही: चित्राच्या खालच्या कडेला, मास्किंग टेपला लागून, पाण्याची बारीक रेघ साचून राहते. वरचा कागद सुकायला लागला की तो हे पाणी परत आत ओढतो आणि डाग खालून वर चढतो. म्हणून वॉश संपला की ब्रश पिळून टेपच्या कडेने एकदा फिरवा, साचलेलं पाणी टिपून घ्या. टेपवर पडलेले थेंबही पुसा.

डाग पडताना दिसला तर लगेच पुसायला जाऊ नका, ओल्यात पुसलं की तो वाढतो. पूर्ण सुकू द्या. मग स्वच्छ ओल्या फ्लॅट ब्रशने फक्त कडेवर हलके फिरवा, रंग सुटला की टिशूने टिपा. दोन-तीनदा केलं की कडा बरीच मऊ होते. प्रशियन ब्लू किंवा थॅलो ब्लू असेल तर फारसं निघणार नाही, हे रंग कागदात मुरतात. तिथे एखादं झाड उभं करणं जास्त शहाणपणाचं.

एकसारखा वॉश येतच नाही, पट्टे दिसतात.

रंग कमी कालवलेला असतो. ११ × १५ इंचाच्या कागदावर आभाळ करायचं तर दोन ते तीन मोठे चमचे भरून पातळ रंग आधी तयार हवा. मधेच संपला आणि नव्याने कालवायला घेतला की तेवढ्यात कडा सुकते, शिवाय छटाही जुळत नाही.

बोर्डाखाली मागच्या बाजूने दोन जाड पुस्तकं सरकवून १५ अंशांचा उतार द्या. एक इंची फ्लॅट ब्रश किंवा १२ नंबरचा राउंड पूर्ण भरून घ्या आणि एक आडवा पट्टा ओढा. पट्ट्याच्या खालच्या काठावर रंगाचा फुगीर थेंब लांबलचक साचला पाहिजे. तो साचला नाही तर ब्रशमध्ये रंग कमी आहे. पुढचा पट्टा त्या थेंबाला स्पर्श करत ओढायचा, थेंब खाली खाली आणत जायचा आणि शेवटी पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यायचा. ओढून झालेल्या पट्ट्यावर परत जायचं नाही. वर एखादी बारीक जागा राहिली तरी राहू द्या.

सुकल्यावर रंग चांगलाच फिका होतो, हलक्या दर्जाच्या कागदावर आणखी. ओला असताना ‘जरा जास्तच गडद झालं’ असं वाटलं तर तोच रंग सुकल्यावर बहुतेक बरोबर बसतो. त्याच कागदाच्या पट्टीवर आधी रंग लावून सुकवून बघायची सवय लावून घ्या.

कागद फुगतो, खड्डे पडतात. ३०० जीएसएमचा घेतला तरी!

कागदाचे तंतू पाणी पिऊन फुगतात. ओला भाग पसरतो आणि कोरडा तेवढाच राहतो, म्हणून लाटा येतात. १५०-२०० जीएसएमवर (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) हे होणारच. ३०० जीएसएमवर लहान चित्र निभावतं, पण कागदभर पाणी लावलं तर तोही वाकतो. ६४० जीएसएमचा वाकत नाही म्हणावं इतका जाड असतो, किंमतही तशीच.

उपाय म्हणजे कागद आधीच ताणून घेणे. १२ मिलिमीटर जाडीचा वॉटरप्रूफ प्लायचा तुकडा घ्या, कागदापेक्षा चारी बाजूंनी दोन इंच मोठा. सुताराकडे किंवा प्लायच्या दुकानात उरलेला तुकडा मिळतो. टेप लागते ती पाणी लावून चिकटणारी तपकिरी कागदी टेप, निदान दीड-दोन इंच रुंद. मास्किंग टेप ओल्या कागदाला धरत नाही आणि पार्सलची चकचकीत टेप तर अजिबात नको. टेपचे चार तुकडे आधीच कापून कोरडे ठेवा. कागद टबात किंवा मोठ्या परातीत पाच-सात मिनिटं बुडवा, एका कोपऱ्याने उचलून निथळू द्या आणि प्लायवर सपाट पसरा. मधून कडेकडे हाताने हवा काढा, पण घासू नका. टेप ओल्या स्पंजने भिजवून अर्धी कागदावर, अर्धी प्लायवर चिकटवा आणि बोर्ड आडवाच ठेवून सुकवा. उभा केला तर पाणी खाली उतरतं, वरची बाजू आधी आक्रसते आणि टेप सुटते. मे महिन्यात तीन-चार तास पुरतात, पावसाळ्यात रात्रभर ठेवा. चित्र पूर्ण झाल्यावर कटरने कापून काढा.

चित्र होऊन वाकलेलंच असेल तर? पूर्ण सुकल्यावर स्वच्छ कागदावर पालथं घाला, पाठीवर स्प्रेने अगदी हलकं पाणी मारा, वर कोरा कागद आणि जाड पुस्तकं ठेवून एक-दोन दिवस विसरून जा. बऱ्यापैकी सपाट होतं. पांढरा दाट रंग किंवा मीठ वापरलं असेल तर हे करू नका, चिकटतं.

सरावाला महागडा कागद लागतोच का?

शंभर टक्के कॉटनचा कागद पाणी जास्त वेळ धरून ठेवतो, पुन्हा पुन्हा थर सोसतो आणि त्यावरून रंग उचलताना तो सोलत नाही. लाकडाच्या लगद्याच्या कागदावर पाणी वर वर राहतं, पटकन कडा धरतं, दुसरा थर देताना पहिला उठतो. त्यावर शिकताना चूक आपली की कागदाची हेच कळत नाही, म्हणून रंगांत काटकसर करा आणि कागद बरा घ्या. इम्पीरियल शीट २२ × ३० इंचाची असते. तिचे साडेसात × ११ इंचाचे आठ तुकडे होतात. महागडी वाटणारी शीट अशी आठ सरावांना पुरते, आणि मागची बाजूही चालते. पोत कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खरखरीत, निवडा. हॉट प्रेस्ड गुळगुळीत असतो, त्यावर प्रत्येक डाग उघडा पडतो.

जुन्या कागदावर रंग टाकताच बारीक काळपट ठिपके उमटतात. रंग खराब झाला का?

कागद गेला. जलरंगाच्या कागदाला सायझिंग, म्हणजे बहुधा जिलेटिनचा किंवा तत्सम लेप असतो. त्यामुळेच पाणी वर थोडं तरंगतं. दमटपणात या लेपाला बुरशी लागते. कोरा असताना कागद धड दिसतो, रंग लावला की तो जागोजाग शोषून घेतो आणि ठिपके दिसतात. संशय असेल तर कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाका. काही क्षण फुगीर राहिला तर कागद ठीक, टाकताक्षणी शोषला गेला तर लेप गेलेला. असा कागद पेन्सिल, पेस्टल किंवा पोस्टर कलरसाठी वापरा, फेकू नका.

ठेवताना प्लॅस्टिकच्या मोठ्या फोल्डरमध्ये किंवा झिप पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पलंगाखाली किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका; आपल्याकडे पावसाळ्यात पहिली ओल तिथेच धरते. वर्षभराचा साठा मे महिन्यात करून ठेवायची हौस असेल तर ती इथे महागात पडते.

रंगाच्या केकवर पांढरी लव आली आहे.

ओला पॅलेट झाकण लावून ठेवला. काम झाल्यावर उघडा ठेवून पूर्ण सुकवा, पावसाळ्यात रात्रभर लागते. थोडीशी लव असेल तर इअर बडला सर्जिकल स्पिरिट लावून टिपा, वरचा थर ओल्या ब्रशने धुऊन टाका. वास येत असेल तर तो केक काढून टाका. काही रंगांत बाइंडरमध्ये, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवात, मध असतो. ते आपल्या हवेत पॅलेटमध्ये सहसा कडक होत नाहीत, चिकटच राहतात. बॅगेत आडवा पॅलेट न्यायचा असेल तर ते टाळावेत.

रंग मळकट होतात. दरवेळी चिखल!

कारणं वेगवेगळी असतात. आधी पाणी बघा: दोन भांडी लागतात, एक ब्रश धुवायला, दुसरं स्वच्छ पाणी घ्यायला. नळाचं पाणी चालतं. सोसायटीत बोअरचं जड पाणी येत असेल तर फिल्टरचं घ्या. दुसरं, खालचा थर ओलसर असताना वर ब्रश घासला की दोन्ही मिसळतात. एका जागी तीनपेक्षा जास्त वेळा ब्रश फिरवू नका.

तिसरं कारण ट्यूबच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं. चांगल्या रंगावर रंगद्रव्याचा कोड असतो: अल्ट्रामरीन ब्लू म्हणजे पीबी २९, बर्न्ट सिएना बहुधा पीबीआर ७. एका ट्यूबमध्ये तीन कोड असतील आणि तुम्ही त्यात आणखी दोन रंग घातले, तर प्रत्यक्षात पाच-सहा रंगद्रव्यं एकत्र आली. शक्यतो एकच कोड असलेल्या ट्यूब घ्या आणि दोन रंगांत भागवा.

पॅलेटमधला काळा बाजूला ठेवा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून खूप चांगला राखाडी मिळतो: निळा जास्त घातला तर पावसाळी ढग, सिएना जास्त घातला तर ओल्या भिंतीची, खडकाची सावली. दोन्ही दाट घेतले तर जवळपास काळा होतो आणि तरी जिवंत दिसतो.

पावसातली हिरवळ प्लॅस्टिकची दिसते.

सॅप ग्रीन किंवा व्हिरिडियन थेट ट्यूबमधून लावलेला असतो. लेमन यलोत प्रशियन ब्लूचा अगदी थोडा अंश घातला तर भाताच्या रोपांचा लख्ख पोपटी येतो. गॅम्बोज किंवा तत्सम उबदार पिवळ्यात अल्ट्रामरीन घातला तर मंद, शेवाळी हिरवा. त्यात चिमूटभर बर्न्ट सिएना घातलं की खाडीतल्या तिवरांचा काळपट हिरवा. लांबच्या पारसिकच्या डोंगराला हिरवा जवळजवळ लागतच नाही, निळसर राखाडीत हिरव्याची झाक पुरते. पिवळ्यात निळा घाला. निळ्यात पिवळा घालत बसलात तर अर्धी ट्यूब संपते.

शाळेत पोस्टर कलर वापरले. जलरंगात गडदावर फिका रंग का बसत नाही?

पोस्टर कलर झाकतो, जलरंग पारदर्शक असतो. उजेड कागदातून परत येतो, म्हणून पांढरं म्हणजे कोरा सोडलेला कागद. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत सपाट, दाट रंग लावायची सवय लागलेल्यांना हा उलटा क्रम जड जातो: फिक्यापासून सुरुवात, गडद शेवटी. काढायला बसण्याआधी कोणत्या जागा कोऱ्या राहणार ते पेन्सिलने हलकेच आखा. तलावपाळीच्या पाण्यातले दिवे, बगळा, होडीची कड, अशा बारीक जागांसाठी शेवटी पांढरा गुआश (झाकणारा, अपारदर्शक जलरंग) किंवा पोस्टर कलरचा पांढरा दाट लावला तरी कुणी दंड करत नाही.

आखणीला एचबी पुरे. खोडरबर जोरात घासला तर कागदाचा लेप निघतो आणि तिथे रंग गडद बसतो. आणि रंगाखाली गेलेली पेन्सिल नंतर नीट खोडली जात नाही.

फ्लेमिंगो काढताना गुलाबी फारच भडक होतो.

नवी मुंबईत फ्लेमिंगोच्या, म्हणजे रोहित पक्ष्याच्या, दोन जाती येतात. मोठा रोहित लांबून जवळजवळ पांढराच दिसतो, गुलाबी पंखांत असतो. लहान रोहित जास्त गुलाबी, चोच गडद. पर्मनंट रोझमध्ये पिवळ्याचा स्पर्श देऊन भरपूर पाणी घाला आणि अंगाचा वरचा, उन्हाचा भाग कोरा ठेवा. पक्षी उजळ दिसतो तो मागचा चिखल आणि पाणी राखाडी ठेवल्यामुळे. थवा असेल तर एकेक पक्षी काढू नका: मधे मधे फटी असलेला फिका पट्टा ओढा, सुकल्यावर पुढच्या चार-पाच पक्ष्यांनाच माना आणि पाय द्या. अलिझरिन क्रिमझन, म्हणजे पीआर ८३, उजेडात उडतो. भिंतीवर लावायच्या चित्रात पीव्ही १९ कोडचा रंग घ्या.

मास्किंग टेप काढताना कागद फाटतो.

कागद आतून ओला असतो किंवा टेप दिवसचे दिवस ठेवलेली असते. गार लागत नाही याची खात्री करा, टेपवर ड्रायर थोडा फिरवा आणि ती स्वतःवरच दुमडून, चित्राच्या बाहेरच्या दिशेला, हळू ओढा. जागा कोऱ्या ठेवायला लावतात त्या रबरी द्रवाचं, मास्किंग फ्लुइडचंही, तेच: उन्हाळ्यात दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवलं तर ते कागदाला घट्ट धरतं, आणि त्यावर ड्रायर मारला तर आणखी. ते लावायला जुनाच ब्रश घ्या, आधी साबणाच्या पाण्यात बुडवून.

मीठ टाकून पोत आणता येतो ना?

येतो, पण जून ते सप्टेंबर नाद सोडा. मीठ हवेतली ओल ओढतं, कागद सुकत नाही, खडे विरघळून नुसते ओघळ होतात. कणकण झटकूनही थोडं कागदात राहतं आणि दर पावसाळ्यात ओल धरतं. ओल्या वॉशवर जुन्या टूथब्रशने पाण्याचे शिंतोडे उडवलेत तर जवळपास तसाच परिणाम मिळतो.

उपवन तलावाकाठी बसून काढताना रंग लगेच सुकतो, घरी आल्यावर चित्र फिकट दिसतं.

थेट उन्हात पांढरा कागद डोळे दिपवतो, म्हणून आपण रंगाचा अंदाज चुकतो. सावलीत बसा, कागदावरही ऊन पडू देऊ नका. स्प्रेची छोटी बाटली जवळ ठेवा आणि पॅलेटवर मारत राहा. ५ × ७ इंचापेक्षा मोठा कागद सुरुवातीला नेऊ नका.

ब्रश किती आणि कोणते?

सिंथेटिक राउंड ८ आणि १२, एक इंची फ्लॅट. घेताना दुकानात पाण्यात बुडवून झटकायला मागा. टोक एकत्र आलं तर घ्या. भांड्यात उभा सोडून ठेवू नका: टोक वाकतं, दांड्याचं लाकूड फुगतं, रंग सोलतो आणि धातूची नळी डुगडुगते.

फ्रेम करताना काय सांगावं?

काच चित्राला टेकता कामा नये. मधे माउंट, म्हणजे कापलेल्या पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा, शक्यतो ॲसिड-फ्री, नाहीतर काही वर्षांत चित्राच्या कडेला पिवळी पट्टी येते. मागची बाजू कागदी टेपने पूर्ण बंद करून घ्या. लावताना फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या गुट्ट्या चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते. बाथरूमला लागून असलेली भिंत आणि पावसाचा मारा झेलणारी बाहेरची भिंत सोडून तिसरी कुठलीही चालेल.